थकलेल्या पुलाचा मान

आज १५ सप्टेंबर, अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, नोकरीची सुरुवात १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात झाली आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा खडकवासला धरणावर बसले. महाराष्ट्राचे त्यांच्याशी नाते असे जुने आहे. आज कार्यालयांत आणि महाविद्यालयांत त्यांच्या तसबिरीला हार घातले जातील, नव्या प्रकल्पांची छायाचित्रे लागतील, गुणवंतांचे सत्कार होतील. हे सारे उचितच आहे. मात्र नव्याच्या या कौतुकात जुन्याची विचारपूस राहून जाते. फीत कापून पाहुणे परततात, कोनशिलेवरची फुले दोन दिवसांत सुकतात आणि पुलाचे खरे आयुष्य तिथून पुढे सुरू होते. दर पावसाळ्यात पाण्याचा मारा, दरवर्षी वाढणारी वाहने, दर पिढीत जड होत जाणारे ट्रक हे सगळे तो मुकाट्याने सोसतो. त्याचा थकवा कोणी ओळखायचा? आणि ओळखल्यावर त्याचे काय करायचे?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यंदाच्या उन्हाळ्यात दूरच्या एका वाळवंटात उभे असलेले पाहायला मिळाले. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफ शहराच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीच्या मार्बल कॅन्यनवर दोन पूल आहेत. दोघांचे नाव एकच, नवाहो पूल. एक १९२९ चा, दुसरा १९९५ चा. दोन्ही पोलादी कमानींचे आणि दोघांमधले अंतर जेमतेम दीडशे फुटांचे. नव्यावरून वाहने जातात. जुन्यावरून फक्त माणसे चालतात.

तिथे नेणारा रस्ता तांबूस माळरानातून जातो. उजव्या हाताला इको क्लिफ्सची लांबच लांब भिंत, समोर व्हर्मिलियन क्लिफ्सचे शेंदरी कडे, आणि मध्ये खुरट्या झुडपांखेरीज काही नाही. पुढे नदी आहे, तिची एवढी खोल दरी आहे, याची कसलीही खूण दुरून दिसत नाही. सह्याद्रीत दरी जवळ आली की वारा सांगतो, धुके सांगते. इथे सपाट जमीन एकाएकी दुभंगते. गाडी लावून जुन्या पुलावर चालू लागले की दहावीस पावलांत पायाखालची जमीन संपते आणि ४६७ फूट खाली नदी दिसते. पंचेचाळीस मजली इमारतीच्या गच्चीतून रस्ता दिसावा, तशी. दुपारच्या उन्हाने कठडा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. खाली पाणी मात्र हिरवेगार, थंड. त्यावरून रबरी तराफ्यांची एक रांग ग्रँड कॅन्यनच्या दिशेने चालली होती आणि इतक्या उंचीवरून ते तराफे तांदळाच्या दाण्यांएवढे वाटत होते. तेवढ्यात शेजारच्या पुलावरून एक अवजड ट्रक गेला. त्याची घरघर दरीत घुमली आणि विरली. जुन्या पुलाला त्याचा भार घ्यावा लागला नाही. त्याच्या वाट्याला आता पावलांचाच भार आहे.

हा पूल होण्याआधी इथे काय होते, हे कळल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. शेकडो किलोमीटर उंच कड्यांमधून वाहणाऱ्या या नदीला ओलांडण्याजोगी जागा अशी जवळजवळ नाहीच. पुलापासून आठ किलोमीटर वरच्या अंगाला, पारिया नावाची लहान नदी जिथे कोलोरॅडोला मिळते, तिथे मात्र कडे दोन्ही बाजूंनी मागे सरतात आणि बैलगाडी पाण्यापर्यंत नेता येते. १७७६ मध्ये डोमिंगेझ आणि एस्कलान्ते हे स्पॅनिश धर्मगुरू आपल्या तुकडीसह इथवर आले, पण त्यांना नदी ओलांडता आली नाही. बऱ्याच दिवसांच्या भटकंतीनंतर वरच्या बाजूला त्यांना वाट सापडली. पुढे १८७० च्या दशकाच्या आरंभी जॉन डी. ली या मॉर्मन पंथीयाने पारियाच्या संगमावर फेरीबोट सुरू केली आणि जागेला लीज फेरी हे नाव पडले. १८५७ च्या माउंटन मेडोज हत्याकांडातील सहभागाबद्दल लीला १८७७ मध्ये गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्यानंतर त्याची पत्नी एमा हिने या निर्जन धक्क्यावर मुलाबाळांसह राहून फेरी चालू ठेवली. ॲरिझोनात वस्ती केलेली मॉर्मन जोडपी धार्मिक विवाहविधीसाठी युटामधल्या सेंट जॉर्जच्या मंदिरात जात. त्यांची वाट याच धक्क्यावरून जाई, म्हणून तिला हनिमून ट्रेल म्हणू लागले. संसाराच्या पहिल्याच प्रवासात त्या जोडप्यांना ही नदी जीव मुठीत धरून ओलांडावी लागे. पूर आला की फेरी बंद. वारा सुटला की बोट ताब्यात राहत नसे. कितीतरी माणसे आणि जनावरे त्या पाण्याने नेली.

मोटारी आल्या तेव्हा हे चालण्यासारखे राहिले नाही. १९२७ मध्ये पुलाचे काम सुरू झाले. जागा निवडताना अभियंत्यांनी फेरीचा धक्का सोडला. होडीला पसरट काठ आणि संथ पाणी लागते, पुलाला अरुंद घळ आणि भक्कम कडा. मार्बल कॅन्यनला जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ च्या आपल्या नदीप्रवासात हे नाव दिले खरे, पण इथला दगड संगमरवर नसून चुनखडीचा आहे, आणि तो टणक आहे. नदीत खांब उभारण्याची सोय नव्हती. म्हणून ॲरिझोनाच्या महामार्ग विभागाचे अभियंते राल्फ हॉफमन यांनी एका कमानीत सगळी दरी ओलांडण्याचा आराखडा केला. कमानीचा स्वभाव असा की वरचा भार ती दोन्ही टोकांकडे ढकलते. इथे ती टोके सरळ कड्यांच्या पोटात रोवलेली आहेत. जो कडा आजवर वाट अडवून उभा होता, त्याच्याच खांद्यावर वाट उभी राहिली.

पुलाची लांबी ८३४ फूट, कमानीचा गाळा ६१६ फूट, पोलाद सुमारे अकराशे टन, खर्च ३ लाख ९० हजार डॉलर. ही यादी वाचायला एक क्षण लागतो. ते पोलाद मात्र फ्लॅगस्टाफच्या रेल्वे स्थानकापासून वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याने आणावे लागले. दोन्ही काठांवरून कमानीचे अर्धे भाग मागे कड्यात ओढून धरत दरीवर पुढे नेले गेले आणि अधांतरी मधोमध जोडले गेले. तापवून लाल केलेले रिव्हेट त्या उंचीवर ठोकले जात होते. एक कामगार दरीत कोसळून मरण पावला. पलीकडच्या काठाला लागणारे साहित्य लीज फेरीवरून जात असे. जून १९२८ मध्ये ती बोट उलटली आणि तिच्यावरची तीन माणसे बुडाली. फेरी पुन्हा सुरू झाली नाही. त्यानंतर पुलाचे काम पुरे होईपर्यंत समोरच्या काठावर एखादी वस्तू पोचवायची, तर ट्रकने सुमारे तेराशे किलोमीटरचा वळसा घालावा लागे. ८३४ फुटांचे अंतर आणि तेराशे किलोमीटरचा वळसा! पूल म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळे शब्द नकोत.

१२ जानेवारी १९२९ रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. त्या काळी तो जगातील सर्वांत उंच पोलादी कमानपूल होता, आणि नदीच्या सुमारे हजार किलोमीटरच्या पट्ट्यातला एकमेव. आरंभी त्याचे नाव ग्रँड कॅन्यन पूल होते. १९३४ मध्ये ते बदलून नवाहो पूल झाले, कारण त्याचे पूर्वेकडचे टोक नवाहो लोकांच्या भूमीत आहे.

पुढची ६६ वर्षे त्याने एकट्याने वाहतूक पेलली. पण तो बांधला तेव्हा रस्त्यावर फोर्डच्या हलक्या मोटारी होत्या. त्याचा रस्ता अवघा १८ फूट रुंद. पुढे दुप्पट-तिप्पट वजनाचे, लांबलचक ट्रक आले. समोरासमोर दोन मोठी वाहने आली की चालकांचा श्वास अडकू लागला. पूल पडला नव्हता, पडायला आलाही नव्हता. तो थकला होता, आणि ज्यांच्यावर त्याची जबाबदारी होती त्यांनी ते वेळेत ओळखले.

पर्याय सोपे नव्हते. जुना पूल रुंद करावा, तर १९८१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत असलेली त्याची मूळ घडण बिघडणार. दुसरीकडे नवा रस्ता काढावा, तर नवाहोंची पवित्र स्थाने, दुर्मीळ वनस्पती आणि नदीचे पाणी यांना उपद्रव होणार. शेवटी जुन्याच्या शेजारीच, त्याच्याशी मिळताजुळता, त्याच घाटाचा नवा कमानपूल बांधायचे ठरले. तो ९०९ फूट लांब आहे, त्याचा रस्ता ४४ फूट रुंद आहे, त्याला अडीच हजार टनांच्या आसपास पोलाद आणि १ कोटी ४७ लाख डॉलर लागले. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचे लोकार्पण झाले. जुना पूल मोडीत काढला गेला नाही. वाहनांचा भार त्याच्या खांद्यावरून उतरवून तो पादचाऱ्यांना दिला गेला. घरातल्या कर्त्या माणसाने वय झाल्यावर कारभार मुलाकडे सोपवावा आणि आपण ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करावी, तसा तो आता आहे.

पूल हा न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्द असतो. तू कोण, कुठला, कधी येशील हे मला ठाऊक नाही, पण तू येशील तेव्हा मी तुला पलीकडे पोचवीन, असा तो शब्द. बांधणारे तो एकदा देतात. पाळावा लागतो तो त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक पिढीला.

अमेरिका हे पहिल्यापासून जाणून होती असे नाही. तिला ते फार मोठी किंमत देऊन कळले. नवाहो पुलाचाच समवयस्क म्हणावा असा सिल्व्हर ब्रिज १९२८ मध्ये ओहायो नदीवर बांधला गेला होता. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, तो वाहनांसह नदीत कोसळला आणि ४६ जणांचा जीव गेला. तपासात कारण सापडले ते एका पोलादी दुव्यातली दोन-अडीच मिलिमीटरची भेग. ती कोणाला दिसली नाही, कारण ती नियमाने पाहण्याची पद्धतच नव्हती. त्या दुर्घटनेनंतर कायदा झाला आणि १९७१ मध्ये देशभरातल्या पुलांच्या पाहणीचे मापदंड आले. ठरावीक मुदतीत, साधारणपणे दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित माणसाने पुलाचा प्रत्येक भाग तपासायचा आणि त्याची नोंद ठेवायची. नवाहो पुलाच्या सुखाच्या निवृत्तीमागे त्या ४६ जणांचे मरण आहे, हे विसरून चालणार नाही.

नोंद ठेवणे हा शब्द कोरडा वाटतो. त्याचे मोल त्या पुलावरच दुसऱ्या एका रूपात दिसले. पुलाच्या पोटातल्या तुळयांवर कधीकधी कॅलिफोर्निया कोंडोर बसतात. साडेनऊ फूट पंखांचे हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये सगळ्या जगात अवघे २२ उरले होते. १९८७ पर्यंत रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला गेला, तेव्हा संख्या २७ होती. तिथून त्यांची पैदास करत डिसेंबर १९९६ मध्ये समोरच्याच व्हर्मिलियन क्लिफ्सवर सहा पक्षी मोकळे सोडण्यात आले. शिकारीच्या गोळ्यांमधले शिसे मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जाते आणि तेच त्यांच्या जिवावर उठते. म्हणून त्यांना पुनःपुन्हा पकडून रक्त तपासले जाते. प्रत्येकाच्या पंखावर क्रमांकाची पट्टी असते. कोण कुठे जन्मला, कधी तपासला गेला, काय दुखणे निघाले, सारे लिहिलेले असते. आपल्याकडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे तडफडून मेली. २००६ मध्ये त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली, तोवर आपल्या माळांवरचे आकाश रिकामे झाले होते. म्हणून तिथे तुळईवर पंख पसरून ऊन खाणारा तो क्रमांक लावलेला पक्षी पाहताना मन भरून आले. जगवायचे ठरवले की आधी मोजावे लागते, आणि मोजत राहावे लागते.

परंतु त्याच पुलाखाली एक शब्द असाही आहे, जो पाळला गेलेला नाही. तो सांगितल्याशिवाय पुढे गेलो, तर ज्यांचे नाव पुलाला आहे त्यांच्यावर अन्याय होईल.

नवाहो स्वतःला दिने म्हणतात. दिने म्हणजे माणसे, लोक. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची घरे, पिके, फळबागा जाळल्या आणि हजारो स्त्री-पुरुषांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेदोन्दोच्या छावणीत नेले. वाटेत आणि छावणीत अनेक मेले. १८६८ मध्ये तह झाला आणि त्यांना आपल्या भूमीत परतता आले. तिथे राहावे, शेती करावी, असे त्या तहात ठरले. शेतीला पाणी लागते. पाणी समोरच्या दरीत होते.

पुढे १९२२ मध्ये कोलोरॅडोच्या खोऱ्यातल्या सात राज्यांनी नदीचे पाणी वाटून घेतले. वाटणीची रेष ठरली ती लीज फेरीच्याच जवळ, पारियाच्या संगमाखाली. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला तेवढेच. आपल्या मोजमापात प्रत्येकाला सुमारे ३२७ टीएमसी, म्हणजे कोयना धरण तीनदा भरून वर उरेल इतके. त्या बैठकीत एकाही आदिवासी राष्ट्राचा प्रतिनिधी नव्हता. त्यांच्याबाबत सरकारची जी काही बांधिलकी असेल तिला या कराराने बाध येणार नाही, एवढे एक वाक्य लिहिले गेले. शिवाय नदीचे पाणी मोजले गेले होते ते पावसाच्या चांगल्या वर्षांत. नदी तेवढे पाणी दरवर्षी देत नाही, आणि २००० नंतरच्या दीर्घ अवर्षणात तर ती फारच आटली. १९६३ मध्ये वरच्या बाजूला ग्लेन कॅन्यन धरण झाले आणि नदीचा गाळ त्यात अडकला. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबड्या रंगाची. पुलावरून दिसते ते पाणी हिरवे आणि थंड आहे, कारण ते धरणाच्या पोटातून येते. नदीच्या नावातला रंगही माणसाने काढून घेतला.

नवाहो राष्ट्रात आजही जवळजवळ दर तीन घरांमागे एका घरात नळ नाही. पुलाच्या पूर्व टोकाला नवाहो स्त्रिया चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने मांडून बसतात. तिथल्या एका पिकअपच्या मागच्या हौद्यात प्लास्टिकची मोठी टाकी होती. कशासाठी म्हणून विचारले, तर घरी पाणी न्यायला, असे उत्तर मिळाले. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतून फिरलेल्या माणसाला ते उत्तर समजावून सांगावे लागत नाही. खाली एवढी नदी, तिच्यावर आपल्या नावाचा पूल, आणि घरात घडा रिता. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने काही करावे, असे १८६८ चा तह सरकारला बांधून घालत नाही. तह जसाच्या तसा कागदावर आहे. पाणी नाही.

या जागेभोवती एकाच काळात माणसांनी दोन गोष्टी उभ्या केल्या. १९२२ चा करार आणि १९२९ चा पूल. पुलाला भार झेपेनासा झाला तेव्हा लोकांनी त्याच्या जोडीला नवा उभारला. कराराला नदीचे वास्तव झेपेनासे होऊन कितीतरी काळ लोटला, तरी त्याची घडी तीच आहे. २००७ मध्ये ठरलेले टंचाईचे नियम २०२६ पर्यंतचे आहेत. त्यापुढची वाटणी करताना तरी दिने लोकांना मेजाशी जागा मिळाली पाहिजे. पाहणी फक्त पोलादाचीच करायची नसते. करार, तह, कायदे हेही माणसांना पलीकडे पोचवायला बांधलेले असतात, आणि तेही थकतात.

आता आपल्या घराकडे वळणे भाग आहे. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. नवाहो पूल आणि सिल्व्हर ब्रिज यांचा तोही समवयस्क. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पावसात, पुराने तो पूल नेला. दोन एसटी बस आणि आणखी वाहने अंधारात पुढचा रस्ता आहे असे समजून आली आणि नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. कित्येक मृतदेह नदीने खाडीपर्यंत नेले, काही कधीच सापडले नाहीत. मनाला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट ही, की शेजारी नवा पूल उभा होता. मार्बल कॅन्यनमध्ये आहेत तसेच दोन पूल, एक वयस्क आणि एक तरुण, सावित्रीवरही शेजारी शेजारी होते. तिथे जुन्याच्या खांद्यावरून भार उतरवला गेला. इथे एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालू राहिली. दुर्घटनेनंतर वाहून गेलेल्याच्या जागी दुसरा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे कौशल्य होते, पैसा होता, वेगही होता. उणीव होती ती आधी पाहण्याची.

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. तिथे धोक्याची पाटी लावलेली होती. पण पाटी म्हणजे देखभाल नव्हे. जुना पूल लोकांना पाहायला खुला ठेवायचा तर आधी तो तेवढा भार पेलतो याची खात्री करावी लागते, आणि पेलत नसेल तर त्याची वाट खरोखर बंद करावी लागते. आणि पाटी वाचून मागे फिरणे हे आपलेही कर्तव्य आहे. पुलाने शब्द पाळावा असे वाटत असेल, तर त्याच्या मर्यादेचा मान आपण ठेवला पाहिजे.

काहीच झाले नाही असे म्हणणे खरे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पुलांची देशव्यापी नोंद ठेवणारी प्रणाली सुरू केली. पावसाळ्यापूर्वी पुलांची तपासणी होते, संरचनात्मक परीक्षणाचे आदेश निघतात. खेड्यापाड्यांच्या वाटांवरचे, ओढ्यांवरचे, जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतले पूल मात्र बहुतेक वेळा दुर्घटना घडल्यावरच बातमीत येतात. आणि जी तपासणी होते तिचा अहवाल त्या पुलावरून रोज जाणाऱ्या शाळकरी मुलाच्या आईला कधीच दिसत नाही.

म्हणून अभियंता दिनी आमची मागणी एकच आणि साधी आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पुलाच्या तोंडाशी, मोठा असो वा लहान, मराठीत एक फलक असावा. पूल कोणत्या वर्षी बांधला, त्याला किती टन भार झेपतो, त्याची शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली, ती कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने केली आणि पुढची कधी होणार, एवढ्या पाच ओळी त्यावर हव्यात. याला मोठा निधी लागत नाही. तारीख उलटून गेली की गावकरी विचारतील, आणि त्यांनी विचारावे हाच त्या फलकाचा उपयोग. जो पूल भार पेलत नाही त्याच्यावरून वाहने त्याच दिवशी थांबवावीत, पर्यायी वाट द्यावी, आणि ज्या जुन्या पुलांत आपल्या मागच्या पिढ्यांची कारागिरी आहे ते पाडून न टाकता डागडुजी करून पायी चालणाऱ्यांसाठी राखावेत.

कोकणात, देशावर, विदर्भात शंभरी गाठलेले असे कितीतरी दगडी पूल आजही एसटी, ट्रक आणि उसाच्या बैलगाड्या अंगावर घेऊन उभे आहेत. त्यांनी आपल्या आजोबांना पलीकडे पोचवले, आपल्याला पोचवत आहेत. ते स्वतःहून थकलो म्हणणार नाहीत. ते आपणच वेळेत ओळखायचे आहे. आज विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालून झाला की प्रत्येक अभियंत्याने आपल्या हद्दीतल्या सर्वांत जुन्या पुलाखाली उतरावे, त्याच्या कमानीवर हात ठेवावा आणि जे दिसेल ते तारखेसह लिहून काढावे.